मुक्कामी गाडी आणि मुक्कामी विमान

(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू अमेरिकेत नक्की काय करतेस ते एकदा सगळ्यांना सांगून टाक." त्याचं कारण मला माहीत आहे. आपल्या ग्रुपवर मला कायम दोनच प्रश्न येतात. तू विमान चालवतेस का? आणि तिकीट स्वस्तात मिळेल का? दोन्हींचं उत्तर नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. विमान कंपन्यांना पायलटांच्या ड्युट्या लावून देणारा प्रोग्राम आमचा गट लिहितो. कुठल्या पायलटनं कुठल्या दिवशी कुठून निघायचं, रात्री कुठे झोपायचं आणि परत कधी यायचं, हे तो प्रोग्राम ठरवतो.

तुम्हाला हे समजावून सांगणं मला सोपं आहे, कारण आपण सगळे एस.टी.वर वाढलेली मुलं. मुक्कामी गाडी आठवते ना? संध्याकाळी स्टँडवरून सुटायची, वाड्यावस्त्यांवर माणसं उतरवत शेवटच्या गावी जायची आणि रात्री तिथंच थांबायची. ड्रायव्हर-कंडक्टर गावातच जेवायचे, देवळात नाहीतर गाडीतच आडवे व्हायचे. पहाटे तीच गाडी दूधवाले, बाजारकरी आणि आपल्यासारखी शाळेची पोरं भरून तालुक्याला यायची. आपल्या वर्गातली निम्मी मुलं त्या गाडीनं यायची. गाडी चुकली की पहिला तास चुकला.

अमेरिकेत विमानांचं अगदी असंच आहे. मोठ्या विमानतळांवरून मोठी विमानं लांब लांब जातात. पण लहान गावांतली माणसं त्या मोठ्या विमानतळापर्यंत आणायची कुणी? त्यासाठी प्रादेशिक विमान कंपन्या आहेत. त्यांची विमानं पन्नास ते शहात्तर आसनांची. विमानावर रंग आणि नाव मोठ्या कंपनीचं, पण चालवणारा पायलट छोट्या कंपनीचा नोकर. रात्री शेवटचं विमान लहान गावी जातं, तिथंच थांबतं आणि पहाटे पाच-सहाला माणसं घेऊन मोठ्या विमानतळाकडे निघतं. मुक्कामी गाडीच की! काही ठिकाणी तर पायलटसुद्धा रात्री उशिरा विमान नेतो, हॉटेलात चार-पाच तास पडतो आणि पहाटे तेच विमान परत आणतो. ही सगळी मिळून एकच ड्युटी धरतात.

गाडीला जसं आगार, तसा पायलटला बेस. त्याची ड्युटी बेसवरून सुरू होते आणि बेसवरच संपते. मधे एक ते चार दिवस तो बाहेर असतो. अशा एका फेरीत दहा-बारा उड्डाणं असू शकतात. कुठल्या उड्डाणाला कुठलं जोडायचं याच्या शक्यता इतक्या होतात, की माणसानं वही घेऊन बसायचं म्हटलं तर जन्म पुरणार नाही. म्हणून आमचा प्रोग्राम. तो नियमात बसणाऱ्या फेऱ्यांमधून कमीत कमी खर्चाच्या फेऱ्या निवडतो.

मग या फेऱ्या पायलटांना वाटायच्या. इथे सगळा खेळ सीनियॉरिटीचा. रुजू झाल्याच्या तारखेवरून प्रत्येकाला एक क्रमांक मिळतो. कुठला बेस, कुठलं विमान, कुठली सुट्टी, दिवाळी म्हणजे त्यांचा नाताळ घरी की हॉटेलात, सगळं त्या क्रमांकावर. दर महिन्याला पायलट आपली पसंती कळवतात आणि प्रोग्राम वरच्या क्रमांकापासून वाटत खाली येतो. खालच्यांना उरलंसुरलं. अगदी खालच्यांना तेही नाही, ते राखीव. फोन आला की साधारण दोन तासांत विमानतळावर हजर व्हायचं. आणि कंपनी बदलली की नवीन ठिकाणी पुन्हा शेवटचा क्रमांक, मग तुमचा अनुभव वीस वर्षांचा का असेना.

आता या गोष्टीतली मुख्य अडचण सांगते. बेस म्हणजे घर नव्हे. नवीन पायलटला जिथे जागा रिकामी तिथला बेस मिळतो. मोठ्या कंपनीनं करार बदलला की छोट्या कंपनीचा बेस बंद होतो, दुसरीकडे उघडतो. दर वेळी बायकोची किंवा नवऱ्याची नोकरी, मुलांची शाळा, म्हातारे आईवडील उचलून कसे न्यायचे? म्हणून पुष्कळ पायलट घर हलवत नाहीत. ते कामावर जायलाही विमानानंच जातात. रिकामी जागा असेल तर फुकट, नाहीतर कॉकपिटमधल्या जादा खुर्चीवर. तीही भरली असेल तर पुढचं विमान. बेसजवळ पाच-सातजण मिळून एक खोली घेतात, त्यात एकावर एक खाटा, आणि जो येईल तो पाठ टेकतो. या प्रवासाचा पगार नाही. पगार मोजतात तो मुख्यतः विमान हलल्यापासून थांबेपर्यंतच्या तासांचा.

१२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री कोलगन एअर या प्रादेशिक कंपनीचं उड्डाण ३४०७ नेवार्कहून बफेलोला जात होतं. उतरण्याआधी ते एका घरावर कोसळलं. विमानातले सगळे ४९ आणि घरातला एक, असे ५० जण गेले. दोन्ही पायलटांचा बेस नेवार्क, पूर्व किनाऱ्यावर. कॅप्टनचं घर दक्षिणेला फ्लोरिडात. सहवैमानिक तरुण मुलगी होती, तिचं घर देशाच्या दुसऱ्या टोकाला, सिएटलजवळ. आदल्या रात्री ती मालवाहू विमानांतून मेम्फिसमार्गे रात्रभर प्रवास करून सकाळी नेवार्कला पोचली होती. कॅप्टननं ती रात्र विमानतळावरच्या क्रू रूममध्ये काढली होती. तपास मंडळानं अपघाताचं कारण दिलं ते कॅप्टननं धोक्याच्या इशाऱ्याला चुकीचा प्रतिसाद दिल्याचं. थकव्याचा दोघांच्या कामावर परिणाम झाला असण्याची शक्यता आहे, पण किती हे नक्की सांगता येत नाही, असंही लिहिलं. त्याच अहवालात एक आकडा आहे. नेवार्क बेसच्या १३७ पायलटांपैकी ९३ जण बाहेरगावाहून येणारे होते.

मरण पावलेल्यांच्या नातेवाइकांनी पाठपुरावा केला, २०१० मध्ये कायदा झाला आणि ४ जानेवारी २०१४ पासून ड्युटी आणि विश्रांतीचे नवे नियम आले. ड्युटीला निघण्याआधी सलग दहा तास विश्रांती, त्यात आठ तास झोपेला मोकळे. दोन पायलटांच्या विमानात ड्युटीची मर्यादा नऊ ते चौदा तास, किती वाजता सुरू केली आणि किती उड्डाणं आहेत त्यावर. मध्यरात्री सुरू केली तर नऊच तास. सात दिवसांत सलग तीस तास पूर्ण मोकळे. नियम चांगले आहेत, झोपेचं शास्त्र बघून केलेले आहेत. पण घर ते बेस हा प्रवास त्या मोजणीत नाही. पायलटनं झोप घेऊन ताजंतवानं यावं, ही जबाबदारी नियमानं त्याच्यावरच टाकली आहे.

आता माझी गोष्ट. २०१७ साली आमच्या गटानं प्रोग्रामची नवी आवृत्ती काढली. त्यातला मोठा भाग माझा. दिवस पुरेपूर वापरायचा, हे त्यामागचं सूत्र. फेरीचा पहिला दिवस पहाटे सुरू केला आणि शेवटचा दिवस रात्री उशिरा संपवला की तीच उड्डाणं कमी दिवसांत बसतात, हॉटेलच्या खोल्या वाचतात. एकही नियम मोडलेला नव्हता. कंपनी खूश झाली. माझ्यासाठी केक कापला. मी त्याचा फोटो घरी पाठवला होता.

काही महिन्यांनी प्रोग्राम वापरणाऱ्यांना भेटायला मी एका विमानतळाच्या क्रू रूममध्ये गेले. तिथे एक सहवैमानिक बाई बसली होती, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान. मी काय काम करते ते कळल्यावर तिनं मला फोनमधलं कॅलेंडर दाखवलं. चार दिवसांची फेरी. पहिल्या दिवशी पहाटे पावणेसहाला हजर व्हायचं, म्हणजे आदल्या दिवशी दुपारीच घर सोडायचं. शेवटच्या दिवशी रात्री पावणेअकराला सुट्टी, आणि तिच्या गावाकडचं शेवटचं विमान सव्वानऊलाच गेलेलं. म्हणजे ती रात्रही खाटेवर. "तुमच्यासाठी ही चार दिवसांची फेरी आहे," ती म्हणाली, "माझ्यासाठी सहा दिवसांची. महिन्यात अशा चार." तिचं मूल दीड वर्षाचं होतं. ती रागावलेली नव्हती. तिनं सहज विचारलं, "माझं घर कुठे आहे हे तुमच्या प्रोग्रामला माहीत असतं का?"

नव्हतं. प्रोग्रामला तिच्या बेसची तीन अक्षरं माहीत होती. बस.

गणिताच्या बाई समोर पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, तुम्ही उत्तर बरोबर असलं तरी एकक लिहिलं नाही म्हणून अर्धा गुण कापायचा. मला तेव्हा फार राग यायचा. त्या दिवशी परतताना मला तुमचा तो लाल पेनानं कापलेला अर्धा गुण आठवला. मी चार दिवस लिहिलं होतं. कुणाचे, ते लिहिलं नव्हतं.

आणि आठवले आप्पा. तुम्हाला माहीतच आहे, माझे वडील एस.टी.त ड्रायव्हर होते. त्यांच्या मुक्कामाच्या तारखांना आई कालनिर्णयवर गोल करून ठेवायची. नववीत मला गणिताचं बक्षीस मिळालं, त्या कार्यक्रमाला आप्पा मुक्काम संपवून थेट आले होते. खाकी कपड्यांतच, शेवटच्या रांगेत. माझं नाव पुकारलं, मी वर गेले, ढाल घेतली आणि मागे बघितलं, तर आप्पा मान खाली घालून झोपलेले. शेजारचं कुणीतरी हसत होतं. मला लाज वाटली. घरी गेल्यावर मी ते बोलून दाखवलं, आणि बरंच बोलले. आप्पा एवढंच म्हणाले, "ऐकत होतो गं, डोळे मिटून." घरी येऊन झोपायचं सोडून ते शाळेत आले होते, हे मला तेव्हा कळलं नाही. कळलं ते वीस वर्षांनी, परक्या देशात, दुसऱ्या कुणाचं कॅलेंडर बघताना. आप्पांना ते सांगायला हवं होतं. फोनवर दोनदा विषय काढला आणि दोन्ही वेळा तिकडच्या पावसापाण्यावर नेला. त्यांना जाऊन आता चार वर्षं झाली.

पुढे काय केलं, तेही सांगते, नाहीतर नुसतं रडगाणं होईल. आम्ही प्रोग्राममध्ये दोन बदल केले. पहाटे सुरू होऊन रात्री उशिरा संपणाऱ्या फेरीला आता प्रोग्राम जादा खर्च धरतो, म्हणजे तशा फेऱ्या अगदी गरज असेल तेव्हाच तयार होतात. आणि पसंती कळवताना पायलटला सांगता येतं, मला पहिल्या दिवशी उशिरा निघणारी आणि शेवटच्या दिवशी लवकर सुटणारी फेरी हवी. थोड्या खोल्या वाढल्या, म्हणून हे मान्य करून घ्यायला मला जवळजवळ वर्षभर भांडावं लागलं. पहिल्या तीन बैठकांत मला विचारलं गेलं की नियमात हे कुठे लिहिलंय. कुठेच लिहिलेलं नाही, हेच माझं म्हणणं होतं.

एक गोष्ट मात्र मला आधी ठाऊक नव्हती. मुक्कामी ड्युटी सगळ्यांना नकोशी असते, असं मी धरून चालले होते. प्रत्यक्षात ज्यांचं घर बेसच्याच गावात आहे, त्यांच्यातले बरेच ती मागून घेतात. रात्री जायचं, सकाळी परत, दिवसा मुलं शाळेतून येतात तेव्हा घरी. तेव्हा कुणासाठी काय बरं हे मी इथून ठरवण्यात अर्थ नव्हता. विचारायला हवं होतं. पहाटेचं विमान कुणीतरी न्यायलाच हवं, आणि खालच्या क्रमांकाच्या पायलटला आजही उरलंसुरलंच मिळतं. ते काही मी बदलू शकले नाही. त्या बाईची पुन्हा भेट झाली नाही. ती मोठ्या कंपनीत गेली, एवढं कळलं. म्हणजे पुन्हा शेवटच्या क्रमांकापासून सुरुवात.

मित्रांनो, आपल्यातले कितीतरी जण आता ड्युट्या लावणारे झालेत. कुणी दवाखान्यात नर्सच्या पाळ्या लावतं, कुणी एमआयडीसीत शिफ्ट लावतं, आणि या शाळेचं वेळापत्रक करणारी आपली मैत्रीणही इथेच बसली आहे. तुमचे तक्ते नियमात बसत असणार, याची मला खात्री आहे. तक्ता भिंतीवर लावण्याआधी त्यातल्या एखाद्याला विचारून बघा, बाबा रे, घरनं किती वाजता निघतोस आणि परत किती वाजता पोचतोस. एवढंच.

ज्या शाळेनं एस.टी. ड्रायव्हरच्या मुलीला गणित शिकवलं, त्या शाळेची आणि तुम्हा सर्व गुरुजनांची मी ऋणी आहे. जेवण तयार आहे, असं संयोजक मला खुणेनं सांगतायत. वरच्या गावांकडे जाणारी शेवटची गाडी पावणेआठला आहे, मी दुपारी स्टँडवर विचारून आले. त्या गाडीनं जाणाऱ्यांना आधी पंगतीला बसू द्या.