खर्ड्याच्या लढाईतील पहिला वार

अमेरिकेतील लेक्सिंग्टन येथे १९ एप्रिल १७७५ रोजी अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाची पहिली गोळी कोणी झाडली हे आजही ठरलेले नाही. जामखेड तालुक्यातील खर्डा येथे ११ मार्च १७९५ रोजी मराठे व हैदराबादचा निजाम निजामअली यांच्यात झालेल्या लढाईला तोंड मात्र तोफेला बत्ती देऊन नव्हे, तर तलवारीने लागले. मराठी फौजेचे सेनापती परशुरामभाऊ पटवर्धन मोजक्या स्वारांसह टेहळणी करीत असता लालखान या पठाण सरदाराने अचानक झडप घालून त्यांना जखमी केले व घोड्यावरून पाडले, आणि भाऊंचे पुत्र हरि परशुराम यांनी त्यास तेथेच ठार केले, असे इतिहासकार ग्रँट डफ नोंदवतो. त्यानंतरही पठाणांनी मराठ्यांची आघाडी मागे रेटली, ही गोष्ट विजयाच्या वर्णनात बहुधा झाकली जाते. पुढे शिंद्यांच्या कवायती, म्हणजे युरोपीय पद्धतीने शिकवलेल्या, पलटणींच्या तोफांनी आणि नागपूरकर भोसल्यांच्या बाणांनी, म्हणजे दारू ठासलेल्या नळीच्या अग्निबाणांनी, मोगल घोडदळ उधळले. निजामाच्या फौजेस मराठे मोगलच म्हणत. निकाल मात्र रात्रीच्या किरकोळ गोळीबाराने लागला: घोड्यांसाठी पाणी शोधत ओढ्यावर आलेल्या मराठी तुकडीशी मोगलांची गाठ पडून बंदुका झडल्या, अंधारात छावणीभर घबराट पसरली, आणि निजाम खर्ड्याच्या भुईकोटात, म्हणजे सपाटीवरील किल्ल्यात, शिरला, जेथे मराठ्यांनी त्यास वेढले.