कवडीचें मोल

मराठी भाषेंत कवडीला फारसा मान नाहीं. निरुपयोगी वस्तु 'कवडीमोल' ठरते, कंजूष मनुष्य 'कवडीचुंबक' म्हणून ओळखला जातो आणि ज्याच्याजवळ कांहींच नाहीं त्याच्याजवळ फुटकी कवडीहि नसते. सारीपाटाचा डाव किंवा तुळजाभवानीच्या भक्ताच्या गळ्यांतील माळ, एवढ्यापुरतीच ती डोळ्यांसमोर येते. परंतु हातांत येते ती कवडी म्हणजे एका मेलेल्या जीवाचें रिकामें घर होय. त्या घराचा धनी कसा होता व काय खात होता, हें सहसा कोणी विचारीत नाहीं.

हा धनी म्हणजे गोगलगाईच्या वर्गांतील एक समुद्रवासी प्राणी. जी पिवळसर लहान कवडी पूर्वीं नाण्यासारखी चाले, तिला लिनियसनें १७५८ सालीं पैशाच्या लॅटिन शब्दावरूनच 'मोनेटा' हें नांव दिलें. तिची लांबी बहुधा दोन-तीन सेंटिमीटर असते. दिवसां ती प्रवाळखडकांच्या फटींत दडून बसते आणि रात्रीं चरावयास निघते. त्या वेळीं तिच्या अंगाच्या कातडीचे दोन पदर कवचाच्या चिरेंतून बाहेर येतात व दोहों बाजूंनीं पाठीवर पसरतात. या पदरांतूनच कवचावर नवा थर चढतो आणि त्याची झिलई टिकून राहते. तोंडांत कानशीसारखी दांतेरी जीभ असते; तिनें हा प्राणी दगडावरील शेवाळ खरवडून खातो.

मनुष्यानें त्याच्याकडे पाहिलें तें मात्र व्यापाऱ्याच्या नजरेनें. मालदीवसारख्या बेटांत नारळाच्या झावळ्या पाण्यांत टाकीत व त्यांना चिकटलेल्या कवड्या ओढून काढीत, असें दहाव्या शतकांतील अरब लेखक मसूदी सांगतो. चौदाव्या शतकांत मालदीवांत काझी झालेला इब्न बतूता लिहितो, कीं त्या खड्ड्यांत पुरून आंतील मांस नाहींसें होऊं देत आणि मग बंगालच्या तांदळासाठीं त्यांचा मोबदला देत. बंगालांत चार कवड्यांचा एक गंडा, वीस गंड्यांचा एक पण व सोळा पणांचा एक काहण असे. एका काहणांत १,२८० कवड्या, म्हणजे तितकेच जीव. पण हिशेबाच्या वहींत जीवांची नोंद नव्हती.

आतां या कवडीला दुसरें काम मिळालें आहे, आणि तें ती जिवंत असतांनाच करावयाचें असतें. लंडनच्या रॉबर्ट वॅरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें १८५० सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यानें पाण्याच्या पात्रांत सोनमासे व पाणवनस्पति ठेविल्या. परंतु वनस्पतीचीं पानें कुजून पाणी गढूळ झालें. तेव्हां त्यानें कांहीं गोगलगाई आंत सोडल्या. त्यांनीं कुजकें व बुळबुळीत सारें खाऊन टाकिलें आणि पाणी निवळलें. मासा, वनस्पति व गोगलगाय या त्रयीचा तोल साधला, तरच बंद पात्रांत जीवन टिकतें, हा त्याचा निष्कर्ष होता.

जिवंत प्रवाळांच्या आधुनिक कांचपेटींत हाच प्रश्न अधिक बिकट होतो. प्रवाळांना प्रखर प्रकाश लागतो. माशांच्या विष्ठेनें व उरलेल्या अन्नानें पाण्यांत नायट्रेट व फॉस्फेट वाढतात. आणि या दोहोंवर शेवाळ माजतें. तें प्रवाळांवर पसरलें, कीं प्रवाळ गुदमरतात. म्हणून लहान जातीची कवडी आंत सोडतात. रात्रभर चरून ती कांच व दगड स्वच्छ करिते. निवड मात्र जपून करावी लागते. वाघाचें नांव मिरविणारी मोठी ठिपकेदार कवडी दहा सेंटिमीटरांपर्यंत वाढते, स्पंजांवर व मऊ प्रवाळांवर तोंड टाकिते आणि सैल दगड उलथविते. लहान कवडी ओळखण्याची एक खूण आहे. कोवळ्या कवडीच्या चिरेची कड पातळ असते. ती आंत वळून दांतेरी झाली, कीं कवडीची लांबी वाढत नाहीं. दांतेरी कडेची कवडी जेवढी दिसते तेवढीच राहते.

पाण्याची विशिष्ट घनता १.०२५ च्या आसपास व उष्णता २४ ते २६ सेंटिग्रेड अंश असावी. नव्या पाण्याची संवय थेंबाथेंबानें लावावी, कारण घनतेंतील एकाएकी झालेला बदल तिला सोसत नाहीं. माशांच्या रोगांवर तांब्याचें औषध घालतात. तें पाण्यांत पडलें, तर कवडी मरते. आणि जे प्रवाळ तिच्या सोबतीला ठेवावयाचे, ते खडकावरून तोडून आणूं नयेत. भारतांतील कठीण प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें संरक्षण आहे.

परंतु खरा धोका याहून वेगळा आहे. पेटी चकचकीत दिसूं लागते, मालक समाधान पावतो आणि त्याच दिवसापासून कवडीची उपासमार सुरू होते. तिनें आपलें काम पुरें केलें, एवढाच तिचा अपराध. गोगलगाय ओरडत नाहीं, कीं कुंपण ओलांडून दुसरें कुरण शोधीत नाहीं. ती एका कोपऱ्यांत दडून बसते. रात्रींचें हिंडणें कमी होतें, मग थांबतें. आणि पुष्कळ दिवसांनीं दगडाआड रिकामें कवच सांपडतें. यावर उपाय साधा आहे. एका लहान पेटींत एकच कवडी ठेवावी, आणि कांचेवरील हिरवी झांक दिसेनाशी झाली, कीं सुकविलेल्या समुद्रशेवाळाचा तुकडा दगडाला बांधून तिच्या वाटेवर ठेवावा. दिवे मालवल्यावर ती येऊन तो कुरतडते.

झावळ्यांवरून कवड्या उतरवून घेणाऱ्याला त्यांच्या भुकेशीं कर्तव्य नव्हतें. त्याला हवें होतें तें त्या मेल्यावरच मिळे. कांचपेटीच्या मालकाची गोष्ट निराळी. त्याला हवी ती कवडी जिवंत, आणि तिच्या भुकेवरच त्याचें सारें काम चालतें. तेव्हां ती भूक भागेल इतकें शेवाळ रोज तिच्यापुढें असावें, हें तिचें मोल होय.