रेंज नसली तरी चालणारा सहा आकडी कोड

मी मूळचा साताऱ्याचा, सध्या मुक्काम सांगली. आज जरा लॉगिनचं बोलूया.

गेल्या पावसाळ्यात बामणोलीकडं मामाच्या गावी गेलो होतो. नोकरीच्या एका फॉर्मची शेवटची रात्र, आणि कागदपत्रं सगळी मेलमध्ये. फोन दोनच दिवसांपूर्वी घेतलेला, त्यात मेल अजून उघडलंच नव्हतं. मामेभावाच्या सिमला दोन काड्या रेंज होती. त्याचं हॉटस्पॉट घेतलं, पासवर्ड टाकला, तर स्क्रीन म्हणते, 'तुमच्या नंबरवर कोड पाठवला आहे.' माझ्या सिमला रेंज शून्य!

गवे आडवे येतात म्हणून मामी नको म्हणत होती, तरी धुक्यात गाडी काढून कासच्या चढाला लागलो. वर पोचल्यावर चार मेसेज एकदम पडले. चारही कोडची मुदत संपलेली. मग पाचवा मागवला आणि रस्त्याकडेलाच, रेनकोटखाली फोन धरून फॉर्म भरला. बाराला सात मिनिटं कमी होती.

सांगलीत आल्यावर विश्रामबागेतला एक मित्र म्हणाला, "अरे, ऑथेंटिकेटर ॲप का नाही टाकलंस?"

याची गंमत ऐका. खात्याच्या सेटिंगमध्ये एक क्यूआर कोड दिसतो. तो स्कॅन केला की एक गुप्त किल्ली तुमच्या फोनमध्ये येते, तीच त्यांच्या सर्व्हरकडंही असते. ती किल्ली आणि घड्याळातली वेळ यांचं गणित दोन्हीकडं सारखंच होतं आणि साधारण दर 30 सेकंदांनी नवा सहा आकडी कोड तयार होतो. फोनला रेंज लागत नाही, सिमसुद्धा लागत नाही. फक्त घड्याळ बरोबर हवं. ही पद्धत 2011 पासून प्रमाणित आहे, आणि आपण अजून काड्या मोजतोय! शिवाय कुणी तुमच्या नावाचं डुप्लिकेट सिम काढलं, तरी हा कोड त्याला मिळत नाही. पण फोनवर गोड बोलणाऱ्याला तुम्हीच वाचून दाखवलात, तर संपलं.

बँकेचं वेगळं आहे, तिथं अजून बहुतेक ठिकाणी एसएमएसच येतो. रिझर्व्ह बँकेच्या 1 एप्रिल 2026 पासूनच्या नियमांत इतर पद्धतींनाही वाव दिलाय, दोन टप्प्यांची खात्री मात्र सक्तीचीच आहे.

आता धोका. किल्ली फोनमध्ये आहे, म्हणजे फोन गेला की किल्लीही गेली. जुना फोन विकायच्या आधी ॲप नव्यात न्यायचं. मी तर तेव्हा हेही विसरलो असतो. आणि बॅकअप कोड काढून ठेवायचे. गूगल असे दहा देतं, प्रत्येक एकदाच चालतो. स्क्रीनशॉट नको, तो त्याच फोनबरोबर जाईल. कागदावर लिहा.

आमच्या सांगलीच्या घरात 2019 च्या महापुरापासून एक प्लास्टिकची फाईल माळ्यावर असते: रेशनकार्ड, घराची कागदपत्रं, मार्कशीट. परवा माझा कोडचा कागद त्यात ठेवला. आई म्हणाली, "हे काय, लॉटरीचे नंबर?"

चला, भेटू पुढच्या भागात.