आऊ सगुणाबाई



माता महामाया गेल्यावर सिद्धार्थाला मावशी गौतमीने वाढवले. भीमाबाई गेल्यावर बाबासाहेबांना आत्या मीराबाईंनी सांभाळले. बाबासाहेबांनी गुरू मानलेले जोतिबा फुलेही लहानपणीच आईविना झाले. त्यांना नात्यातल्या सगुणाबाई क्षीरसागर यांनी वाढवले. सावित्रीबाई त्यांना ‘आऊ’ म्हणत.

मिशनऱ्याच्या घरी मुले सांभाळता-सांभाळता आऊ इंग्रजी बोलायला शिकल्या. जोतिबांकडे सावित्रीबाईंसोबत त्यांनी अक्षरे गिरवली, पुढे पुण्यात शिकवलेही. १८५४ मध्ये त्या गेल्या. १८४८ च्या मुलींच्या शाळेची आठवण निघते, तेव्हा आऊंचं नाव मात्र राहूनच जातं.

बायांनो, आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या वस्त्यांतही अशा आत्या-मावश्या आहेत. त्यांनी कोणाला पाटी धरायला शिकवलं, ते पोरींना सांगा, लिहून ठेवा.

जयभीम!