दिवा, घंटी आणि हॉर्न
(मंडळाच्या मदतनिधी कार्यक्रमात केलेलं भाषण)



अध्यक्षांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि मसालेभाताचा वास इथपर्यंत येतोय. तेव्हा थेट मुद्द्यावर येतो.

आजचा निधी कशासाठी, ते तुम्हाला माहीत आहेच. आपल्या भागात रात्री सायकलवरून कामावरून घरी जाणाऱ्या लोकांना दिवे आणि हेल्मेट द्यायची आहेत. हे ठरलं तेव्हा आपल्यातल्याच दोघातिघांचे मला फोन आले. "अहो, हे सायकलवाले स्टॉप साइनला थांबत नाहीत, सिग्नल तोडतात, आणि यांनाच आपण देणगी द्यायची?"

प्रश्न रास्त आहे. म्हणून उत्तर सर्वांसमोर देतो.

मी मूळचा पुण्याचा. सायकलींचं शहर म्हणायचे तेव्हा. डबलसीट जायचं, डायनॅमो बिघडलेला असायचा आणि हवालदाराने पकडलं की तो चाकातली हवा सोडून द्यायचा. मग पंक्चरवाल्यापर्यंत सायकल ढकलत न्यायची. म्हणजे नियम मोडणारा सायकलवाला मी चांगला ओळखतो. आरशात रोज बघायचो! इथे आल्यावर मी गाडीवाला झालो आणि सगळं विसरलो. रस्त्याच्या मधोमध सायकल दिसली की हॉर्नवर हात जायचा.

मागच्या हिवाळ्यात, रात्री साडेदहाच्या सुमाराला, सनीव्हेलमध्ये मी उजवीकडे वळलो आणि धप्पकन आवाज आला. माझ्या उजव्या बाजूने सायकलच्या पट्ट्यातून एक माणूस येत होता. त्याने ब्रेक दाबला आणि तो पडला. सायकलला दिवा नव्हता. मी उतरलो तो रागातच. त्याचा तळहात सोलला होता, आणि माझ्याआधी तोच म्हणाला, "सॉरी, सर." जवळच्याच एका रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात तो भांडी घासायचा. आपण सगळे जिथे जेवायला जातो, तिथे. मी त्याला "दिवा लाव" असं बजावलं आणि घरी आलो.

घरी आल्यावर झोप येईना. डीएमव्हीचं पुस्तक काढून बसलो. दिव्याबद्दल माझं बरोबर होतं. कॅलिफोर्नियात अंधारात सायकलला पुढे ३०० फुटांवरून दिसेल असा पांढरा दिवा लागतोच. पण पुढचं वाचून मी गप्प झालो. उजवीकडे वळायचं असेल, तर वळणाआधीच्या २०० फुटांत, सायकल येत नाही हे बघून, गाडी सायकलच्या पट्ट्यात आणायची आणि तिथूनच वळायचं. पट्टा आडवा कापून वळायचं नाही. मी नेमकं तेच केलं होतं. नियम दोघांनीही मोडला होता. सॉरी मात्र एकटाच म्हणाला.

मग वाचतच गेलो. इथल्या कायद्याने सायकलस्वाराला गाडीवाल्याचेच हक्क आहेत आणि कर्तव्यंही तीच आहेत. त्याने शक्य तितकं उजवीकडून जावं हे खरं. पण गाडी आणि सायकल शेजारीशेजारी मावणार नाहीत इतकी लेन अरुंद असेल, तर तो मधून जाऊ शकतो. म्हणजे इतकी वर्षं मी ज्यांच्यावर हॉर्न वाजवला, त्यातले बरेच जण कायद्यानेच चालले होते. सायकलला ओलांडताना तीन फूट अंतर ठेवायचा नियम इथे सप्टेंबर २०१४ पासून आहे. जानेवारी २०२३ पासून तर शेजारची लेन मोकळी असेल तर लेन बदलूनच पुढे जायचं.

आता स्टॉप साइन. आयडाहो राज्याने १९८२ सालीच सायकलींना मुभा दिली, की वेग कमी करा, कोणी नसेल तर न थांबता पुढे जा. अशा किरकोळ खटल्यांनी कोर्टं भरू नयेत, हाही त्यामागे एक हेतू होता. पुढे डेलावेअर, ऑरेगन, वॉशिंग्टन यांनीही ते स्वीकारलं. कॅलिफोर्नियात २०२१ साली तसं विधेयक मंजूर झालं, पण गव्हर्नरांनी ते परत पाठवलं. तेव्हा इथे सायकलवाल्यालाही थांबावंच लागतं. आपल्यातले जे रविवारी घोळक्याने सायकली काढतात, त्यांनी हे ऐकावं! सायकलही जीव घेऊ शकते. २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोत कॅस्ट्रो आणि मार्केटच्या चौकात सायकलच्या धडकेने एक ७१ वर्षांचे पादचारी गेले. सायकलस्वाराला पुढे शिक्षाही झाली.

पण मंडळी, वजनाचा हिशेब विसरू नका. गाडी दीड टनाची. सायकल आणि माणूस मिळून शंभर किलोच्या आसपास. २०२३ साली अमेरिकेत अकराशेहून अधिक सायकलस्वार रस्त्यावर मेले. आणि सगळे काही नियम मोडत नव्हते. २००८ च्या मार्चमध्ये आपल्या क्युपर्टिनोजवळ, स्टीव्हन्स कॅन्यन रोडवर, समोरून येणारी एक गाडी रेषा ओलांडून पलीकडे गेली आणि दोन सायकलस्वार ठार झाले. ते त्यांच्याच बाजूने चालले होते.

चूक दोघांची सारखी असली, तरी तिची किंमत एकालाच मोजावी लागते. माझ्या चुकीने माझ्या गाडीला ओरखडाही आला नाही. म्हणून जास्त काळजी कोणी घ्यायची, याचं उत्तर मला तरी मिळालं.

आणि एक. सायकल म्हटलं की आपल्याला हौशी लोकांचे चकचकीत कपडे आठवतात. पण रात्री अकराला दिव्याविना चाललेला माणूस हौशी नसतो. त्याच्याकडे गाडी नसते, शेवटची बस गेलेली असते. त्याने नियम मोडला हे खरंच. पण त्याचा हा नियम वीस-पंचवीस डॉलरमध्ये पाळला जाऊ शकतो. आपल्या एका जेवणाचे हे पैसे.

त्या रेस्टॉरंटमध्ये मी नंतर दोनदा गेलो. तो भेटला नाही. काम सोडलं म्हणाले. माझं सॉरी राहूनच गेलं.

प्रत्येक टेबलावर पाकिटं ठेवली आहेत. मनाला येईल ते घाला. आणि आज घरी जाताना, उजवीकडे वळण्याआधी, एकदा खांद्यावरून मागे बघा.