आपलं म्हणणं, आपल्या तोंडून

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)



इंग्रजी बोलण्याबद्दल मी बोलावं असं ठरलं तेव्हा मला हसूच आलं. मी मराठी शाळेत शिकलेली. राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. आमच्या वेळी ते पाचवीत सुरू व्हायचं. घरात शिकवणी लावली ती भावाला. तेव्हा मी शिकवायला उभी नाही, माझ्यावर गुजरलेलं सांगायला उभी आहे.

सहा वर्षांपूर्वी दिल्लीला एका बैठकीला गेले होते. एकट्या बायकांच्या जमिनीच्या हक्काबद्दल आमच्या तालुक्यातला अनुभव तीन मिनिटांत इंग्रजीत मांडायचा होता. लिहून, पाठ करून नेला होता. उभी राहिले आणि पाढे म्हणावेत तसा एका दमात म्हणून टाकला. कुणाला काही कळलं नाही. शेजारच्या एक ताई चांगल्या मनानेच म्हणाल्या, "मी सांगते त्यांचं." आणि त्यांनी सांगितलं की गावाकडच्या विधवांना मदत हवी आहे. मदत! मी म्हणाले होते, सातबारावर आमची नावं हवीत. इतिवृत्तात 'मदत'च लिहिलं गेलं. परतीच्या गाडीत मला रडू आलं. इंग्रजी चुकलं म्हणून नाही. माझ्या बायकांचं म्हणणं माझ्यादेखत बदललं आणि मी गप्प बसले म्हणून.

आमच्या गावात एक निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांना मी तेच भाषण म्हणून दाखवलं. बाई म्हणाल्या, "अगं, व्याकरण ठीक आहे. पण तू इंग्रजी शब्द मराठीच्या चालीवर म्हणतेस."

म्हणजे काय? आपण मराठीत जवळजवळ प्रत्येक अक्षराला सारखा मान देतो. इंग्रजीत तसं नसतं. 'वी वॉन्ट अवर नेम्स ऑन द लँड रेकॉर्ड्स' या वाक्यात ठोका पडतो तो वॉन्ट, नेम्स आणि लँड यांवर. वी, अवर, ऑन, द ही बारकी पोरं मोठ्यांच्या कडेवर बसून जातात. मी सगळ्यांना सारखंच चालवत होते, म्हणून ऐकणाऱ्याला महत्त्वाचा शब्द सापडत नव्हता. एका शब्दाच्या आतही असंच. रेकॉर्ड म्हणजे दप्तर असेल तर जोर 'रे'वर, रेकॉर्ड करणं असेल तर 'कॉर्ड'वर.

आणि एक गंमत. मराठीत आपण 'आमचीच नावं' म्हणतो. इंग्रजीत हा 'च' नाही. ते काम आवाजाने करायचं. 'अवर' या बारक्या शब्दावर मुद्दाम जोर दिला की झालं 'आमचीच'. हे कळलं त्या दिवशी मला ती भाषा पहिल्यांदा हातात आल्यासारखी वाटली.

दुसरी अडचण अदबीची. 'जरा माईक द्या ना' यात आपली सगळी अदब 'जरा', 'द्या' आणि 'ना'मध्ये असते. शब्दाला शब्द ठेवून 'गिव्ह मी द माइक' म्हटलं की ती निघून जाते आणि हुकूम उरतो. तिथे 'कुड आय हॅव द माइक, प्लीज' म्हणायचं. उलट, तू की तुम्ही हा प्रश्नच नाही. कलेक्टरलाही 'यू' आणि शिपायालाही 'यू'. मला तरी ते आवडलं!

तिसरं म्हणजे तयार वाक्यं. म्हण आपण शब्द जुळवून बोलत नाही, अख्खी तोंडात येते. तशी बैठकीत लागणारी पाच-सहा वाक्यं मी अख्खी पाठ केली. 'लेट मी फिनिश', म्हणजे मला पुरं बोलू द्या. 'दॅट्स नॉट व्हॉट आय सेड', म्हणजे मी असं म्हणाले नाही. दिल्लीत मला एवढं एक वाक्य येत असतं तरी पुरलं असतं.

उच्चाराचं काय, असं तुम्ही विचाराल. आपला ट आणि ड त्यांच्यापेक्षा जाड आहे, कारण आपली जीभ जास्त मागे वळते. वळू दे. त्याने अर्थ बिघडत नाही. बंगाली बाईचं इंग्रजी बंगाली वळणाचं असतं, तमिळ बाईचं तमिळ. आपलं मराठी वळणाचं असेल. सहज बोलणं म्हणजे साहेबाची नक्कल नव्हे. ऐकणाऱ्याला धाप न लागता आपला मुद्दा कळावा, एवढंच.

ही भाषा आपल्या बायकांना परकी होती असंही नाही. १८५४ साली 'काव्यफुले'मध्ये सावित्रीबाईंनी इंग्रजी शिका म्हणून सांगितलं. १८८३ साली अमेरिकेला निघण्याआधी आनंदीबाई जोशी बंगालमध्ये सेरामपूरला भर सभेत उभ्या राहिल्या आणि आपण का जातो आहोत हे त्यांनी इंग्रजीतून स्वतःच सांगितलं. दुसऱ्या कुणाला सांगू दिलं नाही.

आम्ही चौघीजणी आता आठवड्यातून एकदा बसतो. प्रत्येकीने आपल्या कामाबद्दल पाच वाक्यं बोलायची, मोबाईलवर रेकॉर्ड करायची आणि ऐकायची. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकवत नाही. मग कळतं कुठे धावलो, कुठे थांबायला हवं होतं. हसायचं नाही हा एकच नियम. तोही मोडतो, पण सगळ्याच हसतात.

गेल्या वर्षी मी पुन्हा दिल्लीला गेले. सहाच वाक्यं बोलले, सावकाश. दोन ठिकाणी अडखळले. मध्ये एकजण बोलू लागले तेव्हा म्हणाले, 'लेट मी फिनिश.' ते थांबले. या वेळी इतिवृत्तात नावांची मागणी नावांचीच राहिली. जमिनी अजून मिळालेल्या नाहीत, ते भांडण चालूच आहे.

शेवटचं. इंग्रजी येत नाही म्हणून कुणाचं म्हणणं अडता कामा नये. प्रत्येक बैठकीत दुभाषी असलाच पाहिजे, ही मागणी आपण सोडायची नाही. पण दुभाषी काय सांगतो आहे, हे कळण्यापुरतं आणि चुकलं तर 'थांबा' म्हणण्यापुरतं इंग्रजी आपल्याकडे असू दे. आपलं म्हणणं आपल्या तोंडून गेलेलं बरं.