कन्याशाळेची शिदोरी

(एका कन्याशाळेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



या शाळेचा पट गेली काही वर्षे घटतो आहे, हे येथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पट घटला की संचमान्यतेत शिक्षकांची पदे कमी होतात, पदे कमी झाली की पालकांचा विश्वास डळमळतो आणि पट आणखी खाली येतो. या चक्रात सापडलेल्या अनेक कन्याशाळांप्रमाणे आपल्यापुढेही प्रश्न उभा आहे. मुलांना प्रवेश द्यावा, शेजारच्या शाळेत विलीन व्हावे, की आहे ही शाळा नेटाने चालवावी? निर्णय संस्थेने आणि पालकांनी घ्यायचा आहे. तो घेण्यापूर्वी आपल्या हाती नेमके काय आहे याची मोजदाद व्हावी, एवढ्यासाठीच मी आज चार शब्द बोलणार आहे.

सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. १८८४ साली न्यायमूर्ती रानडे, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक प्रभृतींच्या पुढाकाराने मुलींची माध्यमिक शाळा उभी राहिली. पेशव्यांच्या पागेच्या जागेवर भरू लागल्याने ती ‘हुजूरपागा’ या नावाने विख्यात झाली. मुलींना इंग्रजी आणि गणित शिकवावे की नाही, यावर त्या काळी वृत्तपत्रांतून कडाक्याचा वाद झाला आणि ‘केसरी’ने या शाळेच्या अभ्यासक्रमावर प्रखर टीका केली, हाही इतिहास आहे. तेव्हा वेगळी शाळा ही काळाची निकड होती. मुलांसोबत बसवायचे म्हटले असते तर घराघरांतून मुली बाहेरच पडल्या नसत्या. आज ती निकड पुष्कळ अंशी उरलेली नाही. मग कन्याशाळा कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याला रागावून चालणार नाही. त्याचे उत्तर दिले पाहिजे.

उत्तर शोधण्यासाठी हिंगण्याकडे वळू. महर्षी अण्णासाहेब कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम स्थापन केला आणि १९०० साली तो पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत हलवला. तेथे राहणाऱ्या स्त्रिया मूठभर होत्या. त्यांच्यापैकीच एक पार्वतीबाई आठवले. अकाली वैधव्य आलेल्या, वयाच्या विशीनंतर शिक्षणाला प्रारंभ केलेल्या या बाई आश्रमासाठी वर्गणी गोळा करीत गावोगाव फिरल्या आणि सभांतून बोलू लागल्या. १९१८ साली इंग्रजी शिकण्यासाठी व संस्थेला साहाय्य मिळवण्यासाठी त्या थेट अमेरिकेला गेल्या. तेथे परक्यांच्या घरी घरकाम करून त्यांनी दिवस काढले. त्यांचे ‘माझी कहाणी’ हे आत्मकथन १९२८ साली प्रसिद्ध झाले.

हे धैर्य आले कोठून? माझ्या मते, काम अंगावर पडल्यामुळे आले. लहानशा संस्थेत माणसे कमी आणि कामे पुष्कळ असतात. ‘हे माझे काम नव्हे’ असे म्हणण्याची चैन तेथे कोणालाच परवडत नाही. ज्या समाजाने या स्त्रियांना घराच्या कोपऱ्यात बसवले होते, त्याच समाजापुढे संस्थेची झोळी घेऊन त्यांना उभे राहावे लागले. आत्मविश्वास हा उपदेशातून येत नाही. आपल्या हातून काम पार पडल्याचे पाहिले की तो अंगी बाणतो.

दुसरे उदाहरण इरावती कर्वे यांचे. ब्रह्मदेशात १९०५ साली जन्मलेली ही मुलगी वयाच्या सातव्या वर्षी हुजूरपागेच्या वसतिगृहात आली. पुढे त्यांनी बर्लिन येथे डॉक्टरेट संपादन केली, डेक्कन कॉलेजात मानवशास्त्र व समाजशास्त्र शिकवले आणि नातेसंबंधांच्या अभ्यासासाठी भारतभर भ्रमंती केली. त्यांच्या ‘युगान्त’ला १९६८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. हे सारे केवळ शाळेमुळे घडले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्यांना रँग्लर परांजपे यांच्या घराचा आधार मिळाला, आणि तो मिळण्याचे निमित्त शाळेतली मैत्री हे होते. लहान शाळेतली मैत्री अशीच आयुष्याला वळण देऊन जाते.

आता आपल्याच शाळेकडे पाहा. येथे घंटा देणारी मुलगी, बाके हलवणारी मुलगी, ध्वज चढवणारीही मुलगीच. प्रयोगशाळेत उपकरणे हाताळायला मुलगे आणि निरीक्षणे वहीत उतरवायला मुली, अशी वाटणी येथे होऊच शकत नाही. नाटकात शिवाजी महाराजही मुलगीच होते आणि अफझलखानही. खो-खोच्या संघाला बारा जणी लागतात. वर्गात वीस-बावीसच मुली असल्या, तर जिला आपण खेळाडू मानत नाही तिलाही मैदानात उतरावे लागते. मोठ्या शाळेत शेवटच्या बाकावर लपता येते. येथे लपायला जागाच नाही, कारण बाईंना प्रत्येकीचे नाव, घर आणि तिची अडचण ठाऊक आहे.

वंदनीय मावशी लक्ष्मीबाई केळकर यांनी १९३६ च्या विजयादशमीला वर्धा येथे राष्ट्र सेविका समितीची स्थापना केली, तेव्हा हेच सूत्र त्यांनी अंगीकारले. शाखेत आज्ञा देणारी सेविका आणि आज्ञा पाळणारीही सेविकाच. नेतृत्व ही कोणी बहाल करण्याची वस्तू नाही, रोजच्या सरावाने ते घडते, ही त्यामागची दृष्टी होती.

परंतु आपण भाबडेपणा टाळला पाहिजे. एरिन पाल्के, जॅनेट हाइड आणि कार्ली ॲलिसन या अभ्यासकांनी २०१४ साली २१ देशांतील १८४ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांत सोळा लाखांहून अधिक विद्यार्थ्यांची माहिती होती. मुलामुलींच्या वेगळ्या शाळांमुळे गुणवत्तेत लक्षणीय लाभ होतो, असे त्यांना काटेकोर अभ्यासांत आढळले नाही. म्हणजे प्रवेशद्वारावर ‘कन्याशाळा’ अशी पाटी लावल्याने आपोआप काही साधत नाही. आत रोज काय घडते, त्यावर सारे अवलंबून आहे.

कन्याशाळेचे दोषही मोकळेपणाने मान्य करावेत. ‘मुलींना कशाला हवे’ असे म्हणून गणित-विज्ञानाचा शिक्षक शोधण्यात हयगय होते. सुरक्षिततेच्या नावाखाली सहली रद्द होतात, मैदान ओस पडते. शाळेत खणखणीत बोलणारी मुलगी अकरावीत मिश्र वर्गात गेली की गप्प होते, असेही दिसते. आडोसा म्हणून चालवलेली शाळा मुलीला दुबळी करते. म्हणून शाळा टिकवायचा निर्णय झाला, तर त्यासोबत काही व्रते स्वीकारावी लागतील.

संस्थाचालकांनी प्रयोगशाळा आणि मैदान यांवर आधी खर्च करावा, रंगरंगोटी नंतर. शिक्षकांनी स्नेहसंमेलनाचा हिशेब, सहलीचे नियोजन, पाहुण्यांचे स्वागत ही कामे मुलींच्या हाती सोपवावीत आणि चुकल्या तरी ती काढून घेऊ नयेत. आंतरशालेय वक्तृत्व आणि विज्ञान प्रदर्शनांत त्यांना मुलांच्या बरोबरीने उतरवावे, म्हणजे अकरावीचा उंबरठा परका वाटणार नाही. माजी विद्यार्थिनींना वर्षातून एकदा बोलवावे. डॉक्टर झालेली यावी, तशीच शेती सांभाळणारी आणि घर सावरून बचत गट चालवणारीही यावी.

पालकांना एकच सांगणे आहे. शाळेत ध्वज चढवणारी मुलगी घरी आल्यावर भावाचे ताट उचलत असेल, तर शाळेची मेहनत संध्याकाळपर्यंत धुऊन निघते. मुलाचे ताट मुलाने उचलावे. त्यासाठी कोणत्याही अनुदानाची गरज नाही.

आणि मुलींनो, ही इमारत राहील की नाही हे मी सांगू शकत नाही. परंतु येथे तुम्ही जी कामे स्वतः केलीत, ती करण्याची सवय कोणत्याही विलीनीकरणात विरघळणारी नाही. पुढे ज्या वर्गात, ज्या कार्यालयात, ज्या घरात जाल, तेथे एखादे काम पुढे आले आणि सगळे इकडेतिकडे पाहू लागले, तर तुम्ही उठा. या शाळेचे ऋण फेडण्याचा तोच मार्ग आहे.

भारत माता की जय!